समुद्रकुरणांचे पंचांग

मेक्सिकोच्या वायव्येला, कॅलिफोर्नियाच्या आखातात, तिबुरोन बेट आणि सोनोराचा वाळवंटी किनारा यांच्यामध्ये उथळ पाण्याची एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्या काठाने राहणारे सेरी लोक शेती करत नसत. पाऊस नगण्य, गोडे पाणी जेमतेम, जमीन काटेरी. तरीही त्यांच्या घरात धान्य असे आणि ते समुद्रातून येई. वसंत सरत आला की पाण्याखालच्या गवताचे दाणे भरत, दांड्या तुटून वर तरंगत आणि लाटांबरोबर किनाऱ्याला लागत. बायका त्या गोळा करत, वाळवत, झोडपत, पाखडत. दाणे भाजून दळत आणि त्या पिठाची पेज करत. सेरींच्या कालगणनेत एप्रिलचा महिना या सुगीच्याच नावाने ओळखला जातो. रिचर्ड फेल्गर आणि मेरी बेक मोझर यांनी १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ही हकीकत मांडली तेव्हा समुद्रविज्ञानाच्या जगाला नवल वाटले. खाऱ्या पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पतीचे दाणे एखाद्या समाजाचे महत्त्वाचे अन्न असल्याचे दुसरे उदाहरण कोणाला ठाऊक नव्हते.

ते गवत म्हणजे झोस्टेरा मरिना, इंग्रजीतले ईलग्रास. उत्तर गोलार्धाच्या थंड आणि समशीतोष्ण किनाऱ्यांवर ते वर्षानुवर्षे टिकते. या आखातात मात्र उन्हाळ्यात पाणी इतके तापते की जूनच्या सुरुवातीपर्यंत सगळे गवत मरून जाते. मागे उरतात फक्त गाळात पडलेल्या बिया. शरद ऋतूत पाणी निवले की त्या रुजतात, हिवाळाभर पाने वाढतात, वसंतात फुले येतात आणि एप्रिलमध्ये सुगी. ऑगस्टमध्ये तिथे बुडी मारणाऱ्याला तळाशी नुसता गाळ दिसेल. त्याने प्रामाणिकपणे नकाशा काढला तर त्यात कुरण नसेल. फेब्रुवारीत आलेल्याला त्याच जागी हिरवेगार कुरण भेटेल. दोन्ही नकाशे खरे, आणि एकेकटे घेतले तर दोन्ही दिशाभूल करणारे.

सागरी गवताबद्दल आज जगभर जे बोलले जाते ते बहुतेक क्षेत्रफळाच्या भाषेत असते. अमुक चौरस किलोमीटर उरले, तमुक हेक्टर गेले, इतक्या टन कार्बनचा साठा. भारताच्या राष्ट्रीय मोजणीत आपल्या किनाऱ्यांवर आणि बेटांभोवती मिळून सुमारे ५१७ चौरस किलोमीटर सागरी गवत नोंदले गेले. हे आकडे हवेतच. त्यांच्याविना कोणतेही संरक्षण सुरू होत नाही. पण त्यांतून कुरण कुठे आहे एवढेच कळते. त्याचे जगणे-मरणे कधी काय घडते यावर ठरते, आणि आपले कायदे, सर्वेक्षणे व लागवडीच्या मोहिमा नेमका हा ‘कधी’ विसरतात. कुरणाचे रक्षण करायचे तर त्याच्या जागेइतकीच त्याच्या हंगामाची राखण करावी लागेल.

मुळात ही वनस्पती काय आहे हे नीट समजून घ्यायला हवे, कारण किनाऱ्यावर वाहून आलेल्या प्रत्येक हिरव्या पट्टीला शेवाळ म्हणण्याची सवय जुनी आहे. शेवाळाला खरी मुळे नसतात आणि फुले तर नसतातच. सागरी गवत ही सपुष्प वनस्पती. तिचे पूर्वज जमिनीवरचे. सात ते दहा कोटी वर्षांपूर्वी ते समुद्रात परतले आणि तिथेच रमले. जगभर तिच्या सुमारे ७० जाती आहेत. नावात गवत असले तरी भात-बाजरीच्या कुळाशी तिचे नाते दूरचे. आजच्या वर्गीकरणात ती अळू-सुरणाच्या गणात बसते. गाळात तिचे मूलक्षोड आडवे सरकत जाते, जसे जमिनीत आल्याचे किंवा हळदीचे सरकते. त्याच्या पेराला खाली मुळे फुटतात आणि वर पानांचा झुबका. पान बुडाकडून वाढते. म्हणजे टोक सर्वांत जुने, बुडखा सर्वांत कोवळा. कासवाने किंवा समुद्रगायीने शेंडा खाल्ला तरी पान पुन्हा वर येते ते यामुळेच. जुन्या टोकांवर बारीक शैवाले आणि सूक्ष्म प्राणी चिकटून बसतात, ऊन अडवतात, आणि वनस्पती ते पान टाकून नवे काढते.

या वाढीला ऋतूंची लय असते. भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया ओशिआनिकाने ती लय स्वतःच्या अंगावर लिहून ठेवली आहे. तिची पाने गळतात, पण पानांचे तळ मूलक्षोडाला वर्षानुवर्षे चिकटून राहतात. त्यांची जाडी दरवर्षी ठरल्याप्रमाणे वाढते आणि कमी होते. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांवरून वय काढावे तसे फ्रान्समधल्या संशोधकांनी या तळांवरून वर्षे मोजण्याची पद्धत बसवली. एखाद्या वर्षी फूल आले असेल तर त्याच्या दांडीचा अवशेषही तिथेच सापडतो. त्यामुळे काही दशकांपूर्वी कोणत्या साली कुरण फुलले होते हे आज सांगता येते. त्या काळी कोणी पाणबुड्या तिथे उतरला नसला तरी चालते. पोसिडोनिया फुलते शरद ऋतूत, जेव्हा उन्हाळाभर साठवलेली साखर मूलक्षोडात भरलेली असते. फळे पिकतात पुढच्या वसंतात आणि पाण्यावर तरंगत जातात. दरम्यान जुनी पाने गळून किनाऱ्यांवर त्यांचे जाड थर साचतात. हिवाळी लाटांचा मारा हे थर झेलतात आणि वाळू वाहून जाऊ देत नाहीत. पर्यटकांना पुळण स्वच्छ दिसावी म्हणून अनेक गावे तो थर यंत्रांनी उचलून नेतात. कुरणाच्या वर्षचक्राचा एक भाग कचरा ठरवून टाकल्यावर पुढे त्याच गावांना वाळूची धूप थांबवण्याची चिंता करावी लागते.

झोस्टेराची लय तापमानावर चालते, हे पहिल्यांदा ठामपणे मांडले कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम सेचेल यांनी, १९२९ मध्ये. दहा अंश सेल्सिअसच्या खाली वनस्पती जवळपास निजलेली, दहा ते पंधराच्या दरम्यान पाने वाढणार, पंधरा ते वीसमध्ये फुले येणार, आणि वीसच्या पुढे उष्णतेने मरगळ, असे त्यांचे कोष्टक होते. पुढे वेगवेगळ्या किनाऱ्यांवर मोजमापे झाली तेव्हा हे आकडे सगळीकडे तंतोतंत लागू पडत नाहीत असे दिसले. दक्षिणेकडच्या झोस्टेराला जास्त ऊब सोसते, आणि दिवसाची लांबी व पाण्यातला उजेड यांचाही वाटा असतो. पण पाणी कोणत्या आठवड्यात किती तापले यावर या वनस्पतीचे सारे वर्ष ठरते हा त्यांचा मूळ विचार टिकला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागरात हेच गवत हिवाळ्याच्या अखेरीस कळ्या धरते, एप्रिल-मेमध्ये फुलते, मे-जूनमध्ये बी टाकते, ऐन उन्हाळ्यात पाने गाळून निस्तेज होते आणि शरदात पुन्हा एकदा भरभरून वाढते. तिथल्या बिया नोव्हेंबरच्या आसपास, पाणी थंड झाल्यावर रुजतात. त्याच जातीचे उत्तरेकडचे भाऊबंद मात्र फुलण्यासाठी भर उन्हाळ्याची वाट पाहतात.

पाण्याखाली फूल फुलवणे ही सोपी गोष्ट नव्हे. मधमाशी नाही, वारा नाही, आणि पराग भिजला की बहुतेक जमिनीवरच्या वनस्पतींचा खेळ संपतो. झोस्टेराने परागकणाचा आकारच बदलून टाकला. तिचा पराग गोल नसून काही मिलिमीटर लांबीच्या धाग्यासारखा असतो, प्रवाहाबरोबर वाहत जातो आणि स्त्रीकेसराच्या टोकाला गुंडाळला जातो. एकाच फुलोऱ्यात स्त्रीकेसर आधी तयार होतात आणि पुंकेसर नंतर उघडतात, त्यामुळे स्वतःचाच पराग स्वतःवर पडण्याची शक्यता कमी राहते. वेळेच्या या छोट्याशा फरकावर त्या कुरणाची आनुवंशिक विविधता अवलंबून असते.

उष्ण कटिबंधात एनहॅलस अकोरॉइडीस ही मोठ्या पानांची जात तर भरती-ओहोटीचेच घड्याळ लावते. आपल्याकडे मन्नारचे आखात, पाल्कचा उपसागर, अंदमान-निकोबार अशा ठिकाणी ती आढळते. तिची नरफुले उधाणाच्या दिवसांतल्या खोल ओहोटीला देठापासून सुटतात आणि बारीक पांढऱ्या कणांसारखी पाण्यावर तरंगतात. मादीफुले लांब देठांवर पृष्ठभागापर्यंत आलेली असतात. पाणी पुरेसे उतरले तरच ही भेट होते. फलन झाले की देठ वेटोळे घेतो आणि फळाला खाली ओढून नेतो. कॅरिबियनमध्ये थॅलॅसिया टेस्टुडिनम रात्री फुलते. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर ब्रिगिटा फान टुसेनब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की कवचधारी प्राण्यांची पिल्ले आणि छोटे कृमी त्या फुलांवर परागाभोवतीचा चिकट द्रव खायला येतात आणि जाताना पराग दुसऱ्या फुलावर नेतात. समुद्रात प्राण्यांकडून परागीभवन होत नाही, हे पाठ्यपुस्तकातले विधान त्या रात्रींच्या चित्रीकरणाने बदलले.

आता बियांकडे यायला हवे, कारण संरक्षणाच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक तिथे पडतो. पोसिडोनिया आणि एनहॅलसच्या बियांना सुप्तावस्था नसते. पडल्या की लगेच रुजायला पाहिजे, नाहीतर संपल्या. झोस्टेराच्या बिया काही महिने गाळात थांबतात. हॅलोफिला आणि हॅलोड्यूल या लहानखुऱ्या जातींच्या बिया त्याहून लांब, वर्षांच्या मापाने थांबू शकतात. ऑस्ट्रेलियातली अँफिबोलिस वेगळ्याच वाटेने गेली आहे. कोकणातल्या कांदळासारखे तिचे रोप आईच्याच अंगावर वाढते आणि सुटताना त्याच्या बुडाला आकड्यांचा एक कंगवा असतो, तो तळाशी अडकून रोपाला धरून ठेवतो. याचा अर्थ, वादळाने किंवा गढूळ पुराने सगळी पाने उपटून नेली तर कोणते कुरण परत येईल आणि कोणते येणार नाही, हे बऱ्याच अंशी आधीच ठरलेले असते.

१९९२ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये हर्वी बे इथे दोन पूर आणि एक चक्रीवादळ लागोपाठ आले. १००० चौरस किलोमीटरहून जास्त सागरी गवत नाहीसे झाले. पाणी इतके गढूळ राहिले की तळाला ऊनच पोहोचेना. समुद्रगायी उपाशी पडल्या, काही मेल्या, बाकीच्या दूर निघून गेल्या. पण खोल पाण्यातली हॅलोफिला दोनेक वर्षांतच परत उगवू लागली, कारण तिची पेरणी गाळात आधीच होऊन गेली होती. उथळ किनाऱ्यालगतच्या कुरणांना त्याहून बराच जास्त वेळ लागला. त्या आपत्तीच्या आदल्या हंगामांत बी धरले गेले नसते तर खोल पाण्यातल्या गवतालाही परत यायला काही आधार राहिला नसता.

याहून मोठी, आणि माणसाच्या हाताने घडलेली गोष्ट अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभी उत्तर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर झोस्टेराला एका रोगाने ग्रासले. लॅबिरिन्थुला या सूक्ष्मजीवामुळे पानांवर काळे डाग पडत आणि झुबके झिजून मरत. पाहता पाहता बहुतेक कुरणे नष्ट झाली. त्यांवर पोसले जाणारे ब्रँट हंस झपाट्याने घटले. फक्त या पानांवर राहणारी, लिंपेट या समुद्री गोगलगायींपैकी एक जात १९२९ नंतर जिवंत सापडली नाही. व्हर्जिनियाच्या अटलांटिक बाजूच्या खाड्यांमध्ये उरलेसुरले गवत ऑगस्ट १९३३ च्या वादळाने पुसून टाकले. तिथला स्कॅलॉप शिंपल्यांचा धंदा बसला तो कायमचा. साठेक वर्षे त्या खाड्यांचा तळ उघडा राहिला. पाणी स्वच्छ होते, ऊन पोहोचत होते, जागा होती. फक्त बी नव्हते. झोस्टेराची बी पाण्यापेक्षा जड. बहुतेक बिया आईपासून थोड्याच अंतरावर पडतात. दूर जातात त्या तुटून तरंगणाऱ्या फुलोऱ्यांबरोबर, आणि जवळपास फुलणारे कुरणच नसेल तर फुलोरे तरी कुठून येणार?

१९९७ मध्ये तिथल्या साऊथ बे या भागात गवताचा एक लहानसा तुकडा आढळला. व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सचे रॉबर्ट ऑर्थ यांनी त्यावरून ताडले की या खाड्या गवताला नाकारत नाहीत, त्यांना बियाणे हवे आहे. पुढची दोन दशके त्यांच्या चमूने आणि स्वयंसेवकांनी जे केले ते अक्षरशः शेतकऱ्याचे वेळापत्रक होते. मे-जूनमध्ये, बी पिकलेली पण अजून न सुटलेली असते त्या मोजक्या आठवड्यांत पाण्यात उतरून हातांनी फुलोरे खुडायचे. लवकर गेले तर बी कोवळी, उशिरा गेले तर फुलोरे वाहून गेलेले. खुडलेला माल वाहत्या समुद्रपाण्याच्या टाक्यांत ठेवायचा, पाने कुजू द्यायची, तळाशी साचलेली बी वेगळी करायची आणि उन्हाळाभर जपायची. मग पाणी निवण्याआधी, शरदात, होडीतून हातांनी फेकून पेरायची. बहुतेक बिया वाया जातात, खेकडे खातात, लाटा नेतात. हे गृहीत धरूनच पेरा मोठा. एकूण ७ कोटींहून जास्त बिया, सुमारे २१३ हेक्टरांवर. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा कुरण ३६१२ हेक्टरांवर पोहोचले होते. पेरलेल्या तुकड्यांना स्वतःचे बी आले आणि उरलेला पसारा त्यांनी स्वतः घातला. जून २०१५ मधल्या उष्णतेच्या लाटेत साऊथ बेमधल्या गवताची मोठी हानी झाली, तीही पुढच्या काही वर्षांत रोपांनी बरीच भरून काढली.

या यशाचे श्रेय पैशाला, चिकाटीला आणि स्वच्छ पाण्याला द्यावेच लागेल. पण त्याच देशात आणि इतरत्र पैसा ओतून झालेल्या किती तरी लागवडी वाळूत गेल्या आहेत. व्हर्जिनियात वेगळे काय होते ते पाहिले तर माणसांनी वनस्पतीच्या तारखा पाळल्या, आर्थिक वर्षाच्या तारखा तिच्यावर लादल्या नाहीत, हे ठळकपणे दिसते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. सागरी गवताला फुलाबियांची एवढी गरज आहे का? पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये पोसिडोनिया ऑस्ट्रालिसचे एक कुरण १८० किलोमीटर पसरले आहे आणि ते सगळे एकाच रोपापासून झालेले आहे, असे २०२२ मध्ये एलिझाबेथ सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांच्या तपासणीतून सिद्ध केले. वय अंदाजे ४५०० वर्षे. मूलक्षोड पुढे सरकवत, स्वतःच्याच प्रती काढत ते इतके मोठे झाले. फ्लोरिडात हॅलोफिला जॉन्सोनी नावाने ओळखल्या जाणाऱ्या गवताची नरफुले कधी कोणाला सापडलीच नाहीत. पुढे कळले की ती वेगळी जात नसून दूरच्या समुद्रातून आलेल्या हॅलोफिला ओव्हॅलिसची एकच शाखा आहे, आणि २०२२ मध्ये तिला संकटग्रस्तांच्या यादीतून वगळले गेले. जर कुरण बीविना हजारो वर्षे टिकते, तर हंगामाचा एवढा घोष कशाला?

आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. शार्क बेमधल्या त्या महाकाय रोपाजवळ नेहमीच्या पोसिडोनियापेक्षा दुप्पट गुणसूत्रे आहेत. म्हणजे मुळात ते दोन वेगळ्या वंशांच्या मिलनातून, एका बीतून जन्मले असण्याची शक्यता आहे. त्याच्या टिकण्यामागे लैंगिक प्रजननाचाच एक प्रसंग उभा आहे. आणि २०११ मध्ये त्याच शार्क बेमध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा तिथल्या सागरी गवताच्या सुमारे ३६ टक्के क्षेत्राला फटका बसला, मुख्यतः अँफिबोलिसला. एक दणकट रोप तगले म्हणून सगळे कुरण तगले असे होत नाही. जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर थॉर्स्टन रॉइश यांच्या गटाने झोस्टेराची काही तुकड्यांत एकाच वंशाची तर काही तुकड्यांत अनेक वंशांची लागवड केली होती. त्याच वेळी २००३ चा तो युरोपभर गाजलेला उन्हाळा आला. अनेक वंशांची सरमिसळ असलेले तुकडे लवकर सावरले. कॅलिफोर्नियातल्या बोडेगा खाडीत रँडल ह्यूज आणि जॉन स्टाखोविच यांनी २००४ मध्ये हेच दाखवले. तिथे संकट उष्णतेचे नव्हते, चरणाऱ्या हंसांचे होते. शांत वर्षांत प्रतींवर भागते. तापलेल्या वर्षांत बियांनी आणलेली विविधता लागते, आणि तापलेली वर्षे आता वारंवार येत आहेत.

उष्णतेचा संबंध फुलांशीही आहे आणि तो फसवा आहे. २००३ च्या त्याच उन्हाळ्यानंतर पश्चिम भूमध्य समुद्रात पोसिडोनिया एरवी फुलत नाही इतकी फुलली. पुढे स्पेनमध्ये प्रयोगशाळेत पाणी तापवून पाहिले तेव्हा रोपांनी खरोखर फुले काढली. भरभरून फुललेले कुरण पाहून आनंद वाटणे साहजिक आहे, पण ती फुले ताणातून आलेली असू शकतात. साठवलेली साखर फुलांवर खर्च झाली की पानांना आणि मुळांना कमी उरते, आणि त्या वर्षीच्या बियांना सुप्तावस्था नसल्याने पुढच्या वसंतात पाणी अनुकूल नसेल तर सगळा खर्च वाया. म्हणूनच एका भेटीत पाहिलेल्या फुलांवरून निष्कर्ष काढता येत नाही. सलग अनेक वर्षांची नोंद हवी.

भारताकडे पाहिले तर कायद्याने सागरी गवताला जागा दिलेली आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत त्याची कुरणे कांदळवने, प्रवाळ आणि कासवांच्या विणीच्या जागांसोबत सर्वाधिक संरक्षित वर्गात येतात. सप्टेंबर २०२२ मध्ये तामिळनाडूने पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे समुद्रगायींचे राखीव क्षेत्र जाहीर केले. देशातले ते पहिलेच. ही पावले मोठी आहेत. पण त्यांतले कोणतेही पाऊल कुरण कधी फुलते आणि कधी बी टाकते याच्याशी जोडलेले नाही. मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या उपसागरात गवताच्या पुनर्लागवडीचे चांगले प्रयत्न झाले आहेत, पण ते मुख्यतः जिवंत कुरणातून झुबके काढून दुसरीकडे लावण्याचे. झुबका म्हणजे तीच प्रत. बियांवर आधारलेली लागवड करायची तर आधी आपल्या पाण्यात कोणत्या जातीला कोणत्या महिन्यात बी येते याची तपशीलवार माहिती हवी, आणि ती वर्षभर पाण्यात उतरल्याशिवाय मिळत नाही.

लक्षद्वीपमध्ये या प्रश्नाला वेगळेच वळण मिळाले. हिरव्या कासवांना संरक्षण मिळाले, त्यांची संख्या काही बेटांभोवती वाढली आणि अगत्तीच्या सरोवरातली थॅलॅसिया व सायमोडोसियाची कुरणे त्यांनी खाऊन फस्त केली. मग कासवे कवरत्ती, कदमत अशी पुढच्या बेटांकडे सरकली. रोहन आर्थर, तेरेसा अल्कोव्हेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साखळी वर्षानुवर्षे नोंदली आहे. बेटांवरचे मच्छीमार आपली मासळी घटल्याचा दोष कासवांना देतात, आणि त्यांच्या रागाला आधार आहे, कारण माशांची पिल्ले ज्या गवतात वाढत तेच उरले नाही. पान सतत कुरतडले गेले तर वनस्पतीची सारी शिल्लक नवे पान काढण्यात जाते, फुलण्याची पाळीच येत नाही, आणि कासवे निघून गेल्यावर परत उगवायला गाळात काही उरत नाही. तिथे काही तुकड्यांना कुंपण घालून निदान काही हंगाम फुलू देण्याची गरज आहे. कासव आणि कुरण यांत एकाची निवड करण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच बरा.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या खाड्यांचा विचार केला की हा सगळा वाद अगदी दाराशी येतो. इथे पाल्कच्या उपसागरासारखी विस्तीर्ण कुरणे नाहीत. इथे आहे हॅलोफिला बेकारी, बोटाच्या पेराएवढ्या पानांची, खाडीकाठच्या चिखलावर कांदळाच्या सावलीलगत पसरणारी, ओहोटीला उघडी पडणारी. पाय पडला तरी लक्षात येणार नाही इतकी लहान. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने तिला असुरक्षित जातींत टाकले आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील ए. जी. उंटवाले आणि टी. जी. जगताप यांनी मांडवीच्या खाडीतल्या तिच्या पट्ट्याचा अभ्यास १९८१ मध्येच प्रसिद्ध केला होता. पावसाळ्यात या खाड्यांचे पाणी गढूळ होते, खारेपणा उतरतो, गाळ हलतो. अशा जागी जगणाऱ्या आणि भराभर उगवणाऱ्या-मावळणाऱ्या छोट्या जातीचे भवितव्य बियांवर आणि चिखलात टिकलेल्या तुकड्यांवर किती अवलंबून असेल हे हर्वी बेच्या अनुभवावरून कळते.

आणि नेमक्या याच खाड्यांत जेटी, पूल, गाळ उपसा आणि रेती काढणे यांचे प्रस्ताव येतात. आपल्या पर्यावरणीय आघाताच्या जलद मूल्यांकनात एका हंगामाची, तीही पावसाळा वगळून घेतलेली माहिती पुरेशी मानली जाते. ज्या महिन्यात सर्वेक्षण झाले त्या महिन्यात चिखलावर पाने नसतील तर अहवालात ‘सागरी गवत आढळले नाही’ असे एक वाक्य येते. कायद्याने दिलेले संरक्षण त्या वाक्यापाशी संपते. त्यात कोणी खोटे बोललेले नसते, म्हणूनच ते अधिक धोकादायक आहे. कॅलिफोर्नियात अमेरिकेच्या समुद्री मत्स्यसेवेचे २०१४ चे ईलग्रास धोरण या बाबतीत स्पष्ट आहे: सर्वेक्षण गवताच्या वाढीच्या हंगामातच व्हायला हवे आणि ते साधारण ६० दिवसच ग्राह्य धरले जाते. एका गवतासाठी सरकारी कागदावर महिने लिहिले जाऊ शकतात याचा हा पुरावा आहे.

हंगाम पाळण्याची कल्पना आपल्याकडे परकी तर मुळीच नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. त्याच्याही आधीपासून कोळी समाज पावसाळ्यात होड्या ओढून ठेवत आला आहे आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुन्हा पाण्यात उतरत आला आहे. माशांच्या विणीला हंगाम असतो हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला पटलेले आहे. त्याच माशांची पिल्ले ज्या गवतात लपतात त्या गवतालाही हंगाम असतो, एवढे पुढचे पाऊल टाकायचे आहे. पाल्कच्या उपसागरात ट्रॉलबंदीचे दिवस आणि तिथल्या गवताच्या फुलण्या-फळण्याचे दिवस कितपत जुळतात हे तपासून, गरज पडली तर कुरणांच्या पट्ट्यापुरती बंदी मागे-पुढे करता येईल. गाळ उपसण्याच्या परवान्यात महिने घालता येतील.

कोकण-गोव्यासाठी सुरुवात याहून साधी आहे. ज्या खाड्यांत हॅलोफिला बेकारी नोंदली गेली आहे तिथे पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात अशी तीनदा पाहणी व्हावी, आणि दरवेळी पानांबरोबर चिखलाचाही नमुना घेऊन त्यातल्या बिया चाळून मोजाव्यात. विद्यापीठांचे वनस्पतिशास्त्र विभाग, किनाऱ्यावरची महाविद्यालये आणि रोज तो चिखल तुडवून तिसऱ्या-शिंपले काढणाऱ्या बायका यांनी मिळून ते काम उचलले तर कोणत्याही जेटीच्या अहवालापुढे ठेवायला पाच वर्षांत एक भक्कम नोंद तयार होईल. नमुना घ्यायला प्लास्टिकच्या नळीचा एक तुकडा, एक चाळणी आणि ओहोटीची वेळ पुरते.